जीवशास्त्रात आंतरविद्याशाखीय पीएचडी करायची आहे? मग क्रम चुकवू नका

दरवर्षी नेटचा (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) निकाल लागला की दोन-चार विद्यार्थी माझ्याकडे येतात. "मॅडम, नेट निघाली. आता पीएचडीसाठी गाइड सांगा." मी विचारते, काम कशावर करायचंय? उत्तर ठरलेलं असतं: "गाइड देतील त्यावर." यातल्या निम्म्या जणांना 'आंतरविद्याशाखीय' काही करायचं असतं, कारण जाहिरातीत तो शब्द वाचलेला असतो. वर्षभराने तेच विद्यार्थी भेटतात तेव्हा कुणाचा गाइड निवृत्तीला आलेला असतो, कुणाला कळलेलं असतं की आपल्याला गणित येत नाही, तर कुणाचा दाखला चुकीच्या नमुन्यातला निघालेला असतो.

त्यांच्या हुशारीत काही कमी नसतं. कामाचा क्रम उलटा झालेला असतो, एवढंच. आधी परीक्षा, मग गाइड, मग विषय आणि सगळ्यात शेवटी प्रश्न, असं चालतं. खरा क्रम प्रश्नापासून सुरू होतो. सातारा-सांगलीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सी भाग एकला असलेल्यांसाठी तो इथे टप्प्याटप्प्याने मांडते. एमएस्सी झाली असेल तरी पहिले दोन टप्पे गाळू नका, फक्त ते लवकर उरका.

टप्पा १: प्रश्न शोधा, विषय नव्हे

'द्राक्षावरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास' हे पुस्तकातल्या धड्याचं नाव झालं. तो प्रश्न नाही.

तासगाव भागातली एक विद्यार्थिनी नेमकं हेच शीर्षक घेऊन आली होती. मी तिला घरची फवारणीची वही आणायला सांगितली. शंभर पानी वही, कडांना मोरचुदाचे निळसर डाग. प्रत्येक पानावर तारीख, प्लॉट, औषधाचं नाव, प्रमाण आणि समासात वडिलांच्या अक्षरात एखादाच शब्द: 'दव', 'ढगाळ', 'पाऊस रात्री'. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरची पानं आम्ही दोघींनी शेजारी शेजारी ठेवून वाचली. केवडा (द्राक्षवेलीवरचा रोग) आला त्या आधीच्या दोन-तीन दिवसांत समासात 'दव' किंवा 'पाऊस' होताच. आणि एक औषध सलग हंगामात परत परत मारलेलं दिसत होतं, दर वर्षी जरा जास्त वेळा.

दोन संध्याकाळी बसून तिने स्वतः प्रश्न लिहिला: पान किती तास ओलं राहिलं की केवडा सुटतो, आणि तेच ते औषध मारत राहिल्याने या भागातल्या केवड्यावर ते लागू पडेनासं झालंय का?

आता याला काय काय लागतं ते बघा. केवड्याला कारण असलेला जीव (प्लाझ्मोपारा व्हिटिकोला) फक्त जिवंत पेशींवर जगतो. पेट्री डिशमधल्या माध्यमावर तो वाढत नाही, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याची नेहमीची पद्धत पहिल्याच दिवशी थांबते आणि पानांवरच काम करावं लागतं. ओलाव्याचे तास मोजायला पानावर सेन्सर हवा. तास आणि रोग यांचा संबंध लावायला संख्याशास्त्र हवं. स्ट्रोबिल्युरिन या बुरशीनाशकांच्या गटातल्या औषधाला प्रतिकार आला असेल, तर बहुतेक वेळा तो सायटोक्रोम-बी जनुकातल्या एका अक्षराच्या बदलातून येतो, तो तपासायला रेणवीय जीवशास्त्र हवं. यातलं एक जरी काढलं तरी उत्तर लंगडं पडतं. आंतरविद्याशाखीय म्हणायचं ते या अर्थाने. दोन विषयांच्या मध्ये 'आणि' टाकून ते होत नाही.

असे प्रश्न आपल्या दोन जिल्ह्यांत पायाखाली पडलेत. कराड, पाटण, शिराळ्याच्या उसात राहणारा बिबट्या: तोडणीच्या वेळापत्रकाचा त्याच्या हालचालीशी काय संबंध? त्यात प्राणिशास्त्राबरोबर उपग्रहचित्रं आणि ऊसतोड मजुरांच्या मुलाखती दोन्ही येतात. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतरचा सांगलीतला लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्यातून होणारा जिवाणूजन्य ताप), आटपाडीच्या डाळिंबावरचा तेल्या रोग, कासच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) खडकावरच्या काही इंच मातीत पावसाळ्यापुरती उगवणारी झाडं. घरापासून तासाभराच्या अंतरावर काम असलं की दर आठवड्याला नोंद घेता येते. हा फायदा पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला नाही, तो वाया घालवू नका.

तपासा: प्रश्न दोन वाक्यांत लिहा. एकदा जीवशास्त्राच्या आणि एकदा भौतिकशास्त्राच्या किंवा संख्याशास्त्राच्या शिक्षकांना वाचून दाखवा. "सर, यात तुमच्या विषयाचं काम कुठे येतं?" असं विचारा. दुसरे सर काहीच दाखवू शकले नाहीत, तर प्रश्न एकाच विषयाचा आहे. त्यात कमीपणा नाही. मग साधी, सरळ पीएचडी करा, उगाच नाव मोठं करू नका.

टप्पा २: दुसऱ्या विषयाची हत्यारं, सहा ते आठ महिने

आपल्याकडच्या जीवशास्त्राच्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी बारावीला गणित सोडलेलं असतं. ही भीती मनात ठेवून आंतरविद्याशाखीय काम होत नाही. पण सगळं गणितही लागत नाही. या क्रमाने जा:

१. संख्याशास्त्र: सरासरी, प्रमाण विचलन, नमुन्याचा आकार, टी-टेस्ट, प्रतिगमन. स्वतःच्या प्रॅक्टिकलच्या आकड्यांवर हाताने करा, मग संगणकावर.

२. आर किंवा पायथन या संगणकाच्या भाषा, दोन्हींपैकी एकच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे काही धडे मराठीतूनही आहेत, सुरुवातीला ते फार उपयोगी पडतात. पुढे एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर) अभ्यासक्रम मोफत बघता येतात, पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तर.

३. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र, रसायन आणि गणित परत वाचा. कंटाळवाणं वाटेल. पण प्रवेशपरीक्षांत हेच विचारतात, चौथ्या टप्प्यात ते येईलच.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे प्रमाणपत्रं जमवणं. बारा कोर्सची बारा पीडीएफ असलेल्या मुलाला मी विचारलं, "तुझ्या एमएस्सी प्रोजेक्टच्या आकड्यांचा आलेख काढून दाखव." त्याने एक्सेल उघडलं आणि तो गप्प झाला. मुलाखतीत पॅनेल हेच करतं.

तपासा: जीबीआयएफवरून (जगभरातल्या जीवांच्या नोंदींच्या खुल्या संकेतस्थळावरून) सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या वनस्पतीच्या नोंदी उतरवून घ्या. दुहेरी नोंदी काढून टाका, महिन्यानुसार आलेख काढा आणि त्या आलेखात काय खोटं असू शकतं ते पाच ओळींत लिहा. (उदाहरणार्थ, लोक कासला फुलांच्या हंगामातच जातात, म्हणून नोंदी सप्टेंबरातच जास्त. झाड बाकीच्या महिन्यांतही असू शकतं.) या पाच ओळी जमल्या की पुढे जा.

टप्पा ३: आठ आठवडे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत

देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. तिचा अर्ज आदल्या वर्षीच, पावसाळा सरता सरता निघतो. आपली मुलं मार्चमध्ये चौकशीला येतात, तोवर दार बंद झालेलं असतं.

ती मिळाली नाही तरी एमएस्सीचा प्रोजेक्ट हातात असतो. तो आपल्या विभागातच करायचा असा आग्रह धरू नका. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन संख्याशास्त्र, संगणक किंवा भूगोलाच्या शिक्षकांना सहमार्गदर्शक म्हणून विचारा. भूगोल विभागात जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं तंत्र) शिकवणारे असतात हे जीवशास्त्राच्या मुलांना बहुधा माहीतच नसतं.

थांबा: प्रोजेक्टसाठी कासच्या सड्यावरून, कोयना अभयारण्यातून किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानातून झाड, माती, कीटक काहीही उचलू नका. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे, आणि वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथून नमुना आणणं हा गुन्हा आहे. 'कॉलेजचं पत्र आहे' हे उत्तर चालत नाही.

टप्पा ४: कोणती परीक्षा कोणतं दार उघडते

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

नुसती बीएस्सी झाली असेल तर एकात्मिक पीएचडी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) हा मार्ग आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जीवशास्त्राची एकात्मिक पीएचडी जॅमच्या (एमएस्सीसाठीच्या सामाईक प्रवेशपरीक्षेच्या) गुणांवर होते. जॅमच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरात जीवशास्त्राबरोबर रसायन, गणित आणि भौतिकशास्त्रही असतं. एनसीबीएस (बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आणि टीआयएफआरसाठी (टाटा मूलभूत संशोधन संस्था) जेजीबिल्स ही वेगळी परीक्षा आहे. तिच्या नावातच 'आंतरविद्याशाखीय जीवविज्ञान' आहे आणि पेपरात भौतिक, रसायन, गणिताचे प्रश्न असतात. ती साधारण डिसेंबरात होते आणि एमएस्सीवाल्यांना थेट पीएचडीसाठीही चालते.

एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट (अभियांत्रिकी आणि विज्ञानाची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची फेलोशिपसाठीची बीईटी. नेटच्या जीवविज्ञान पेपरात ए भागात २० पैकी १५, बी मध्ये ५० पैकी ३५ आणि सी मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात, एकूण २०० गुण. सी भागाला प्रत्येकी ४ गुण आहेत. पाठांतरावर बी निघतो, सी निघत नाही. तिथे प्रयोगाची आकृती देऊन निष्कर्ष विचारतात. दुसऱ्या टप्प्यातली तयारी थेट सी भागात आणि ए भागातल्या आकडेमोडीत उपयोगी पडते.

गेटमध्ये जीवशास्त्राच्या मुलांना तीन दारं आहेत: एक्सएल (जीवविज्ञान), बीटी (जैवतंत्रज्ञान) आणि ईवाय. एक्सएलमध्ये रसायन सक्तीचं आहे, हे हॉल तिकीट आल्यावर कळलेली मुलं मी पाहिली आहेत. बिबट्या, सडे, परागीभवन असला प्रश्न असेल तर परिस्थितिकी आणि उत्क्रांतीचा ईवाय पेपर बघा, आपल्याकडून फार थोडे बसतात. गेटचे गुण तीन वर्षं चालतात.

२०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांना नेटचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के असा हिशेब लागतो, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. 'नेट निघाली, आता निवांत गाइड बघू' म्हणणाऱ्यांचं वर्ष असंच जातं.

पैशाचं: जेआरएफला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिपला) ४२,०००, घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफ नसेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गासाठी आहेत. त्यांना पीएचडीची नोंदणी झालेली लागते. दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत. काही जण 'नंतर बघू' म्हणून दोन्ही चालू ठेवतात आणि पुढे पैसे परत भरण्याची वेळ येते.

टप्पा ५: प्रयोगशाळा आणि गाइड

यादी करताना आधी जवळचं बघा. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ. मग पुण्यातल्या संस्था: आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन), एनसीएल (रसायन), एनसीसीएस (पेशीविज्ञान), आघारकर, आणि द्राक्षासाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी मिळून काम करायचं असेल तर बंगळूरच्या विज्ञान संस्थेतला बायोइंजिनिअरिंग विभाग (आधीचं बायोसिस्टिम्स सायन्स अँड इंजिनिअरिंग केंद्र) बघा. तिथे दोन्ही बाजूंचे विद्यार्थी घेतात.

यादीतल्या प्रत्येकाचे गेल्या तीन वर्षांतले दोन शोधनिबंध वाचा. मगच ईमेल. तो इंग्रजीतच लिहावा लागेल, पण आशय साधा ठेवा. पहिल्या परिच्छेदात तुमचा प्रश्न, दोन वाक्यांत. दुसऱ्यात: तुमच्या अमुक निबंधात तुम्ही ओलाव्याचे तास हवामान केंद्रावरून घेतलेत, मी आमच्या बागेत पानावर मोजलेत, आकडे वेगळे येतात, ते सोबत जोडते. तिसऱ्यात: मला काय येतं आणि काय येत नाही. चौथ्यात: अमुक परीक्षा दिली आहे, निकाल अमुक महिन्यात. एवढंच. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड' ने सुरू होणारा, पन्नास जणांना एकदम पाठवलेला ईमेल कुणी वाचत नाही.

'मला काय येत नाही' हे लिहायला मुलं घाबरतात. पण गाइड त्याच ओळीवर थांबतात. दुसऱ्या विषयातून येणाऱ्याला काय शिकवावं लागेल, हे त्यांना आधी कळायला हवं असतं.

हो म्हणण्याआधी चार गोष्टी तपासा:

१. जागा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात.

२. निवृत्ती. तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.

३. सहमार्गदर्शक. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घ्यायला नियमांत वाव आहे. मात्र तो कागदावर हवा. 'ते सर मदत करतील' हे तोंडी आश्वासन दुसऱ्या वर्षी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

४. पदवी कोणत्या विषयात मिळणार? वनस्पतिशास्त्रात, जैवतंत्रज्ञानात की आंतरविद्याशाखीय विद्याशाखेत? पुढे कॉलेजमध्ये अर्ज करताना जाहिरातीतला विषय आणि तुमच्या पदव्यांचे विषय जुळवून बघतात. आज उत्साहात दुर्लक्षिलेली ही ओळ पाच वर्षांनी आडवी येते.

आणि त्या प्रयोगशाळेतल्या सध्याच्या विद्यार्थ्याशी फोनवर बोला. गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुरे.

टप्पा ६: कागद

माझ्या एका विद्यार्थ्याने राष्ट्रीय पातळीची परीक्षा चांगल्या गुणांनी काढली. कागदपत्रं तपासताना त्याचा नॉन-क्रीमीलेअर दाखला राज्याच्या नमुन्यातला निघाला. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. नवा दाखला हातात पडेपर्यंत मुदत संपली. त्याचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे मी प्रत्येक वर्गात सांगते.

दाखला काढायला जाल तेव्हा परीक्षेच्या माहितीपत्रकातला नमुना छापून सोबत न्या. सेतू केंद्रात नुसतं 'नॉन-क्रीमीलेअर' म्हणालात तर राज्याचाच मिळेल. कोणत्या तारखेनंतरचा दाखला चालतो तेही माहितीपत्रकात असतं. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्रीय अर्जात तो रकाना नसतो. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या आर्थिक वर्षाचा लागतो.

नाव: दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर आईचं नाव जोडलेलं. अर्ज दहावीप्रमाणे भरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत काढून ठेवा.

गुण: ग्रेड पॉइंटचे टक्के विद्यापीठाच्या सूत्रानेच काढा आणि ते सूत्र छापलेला कागद जोडा. शिवाजी विद्यापीठातून बाहेर जाणाऱ्यांनी स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच टाका.

टप्पा ७: मुलाखत

पॅनेलमध्ये तुमच्या विषयाबाहेरचा माणूस असतोच आणि तो साधा प्रश्न विचारतो. फळ्यावर जिवाणूंच्या वाढीचा आलेख काढा. आता उभा अक्ष लॉगमध्ये घ्या. रेषा का सरळ झाली? सूत्र पाठ असून भागत नाही, खडू हातात घेऊन बोलावं लागतं. म्हणून दोन महिने आधीपासून मित्राला समोर बसवून फळ्यावर सराव करा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. विचार मराठीत पक्का झाला की साधं, तुटक इंग्रजी पुरतं. पॅनेलला भाषेचं फारसं काही वाटत नाही.

उत्तर येत नसेल तर "माहीत नाही" म्हणून थांबू नका. "हे मला माहीत नाही, पण अमुक गोष्ट धरून चालले तर असं व्हायला हवं" असं म्हणून पुढे जा.

टप्पा ८: प्रवेशानंतरचे सहा महिने

किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क असतो. त्यात दुसऱ्या विषयाचा निदान एक पेपर घ्या, स्वतःच्याच विषयाचे सोपे पेपर घेऊन मोकळे होऊ नका.

परवानग्यांचे अर्ज पहिल्याच महिन्यात करा, कारण त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. अभयारण्यात काम असेल तर वन विभाग. माणसांचे नमुने किंवा मुलाखती असतील तर संस्थेची नैतिकता समिती, मग ते ऊसतोड मजुरांना विचारलेले चार प्रश्न का असेनात. प्रयोगशाळेतले प्राणी असतील तर प्राणी नैतिकता समिती, जनुकीय बदल केलेले जीव असतील तर जैवसुरक्षा समिती. नमुना परदेशी पाठवायचा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी. परवानगीच्या तारखेआधी घेतलेले नमुने प्रबंधात वापरता येत नाहीत आणि नंतर मागची तारीख घालून मिळत नाही.

गाइड आणि सहमार्गदर्शक दोघांना महिन्यातून एकदा एकत्र बसवा. वेगवेगळं भेटत राहिलात तर एक सर नमुने वाढव म्हणतात, दुसरे मोजमाप बदल म्हणतात आणि मध्ये तुमचं वर्ष जातं. बैठक संपली की ठरलेल्या गोष्टी चार ओळींत लिहून त्याच संध्याकाळी दोघांना ईमेल करा.

नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, जागा, वेळ, हवा, कोण सोबत होतं. आणि समास मोकळा सोडा. तासगावच्या त्या वहीतला उपयोगाचा सगळा भाग समासातच होता.